पुस्तकी किंमत रुपये एक

घसारा नावाचा एक प्रकार असतो. कॉमर्सची पायरी न चढलेल्या भाग्यवंतांसाठी सांगतो. समजा, कचेरीने दहा हजारांचे एक लोखंडी कपाट घेतले. ते दरवर्षी थोडे थोडे म्हातारे होते. कडी ढिली होते, खालचा कप्पा गंजतो, किल्ली हरवते. माणसाच्या बाबतीत याला वय होणे म्हणतात, कपाटाच्या बाबतीत घसारा. हिशेबाच्या वहीत कपाटाची किंमत दरसाल कमी करत जायची. असे करता करता ती एक दिवस शून्यावर येणार हे उघड आहे. पण गंमत अशी की, पुष्कळ हिशेबनीस ती शून्यावर येऊ देत नाहीत. शेवटचा एक रुपया शिल्लक ठेवतात. कपाट कोपऱ्यात उभे आहे तोवर वहीत त्याच्यासमोर "रु. १" ही नोंद चालू राहते.

बी.कॉम.ला असताना मी सरांना विचारले होते, "सर, हा एक रुपया कशाचा?"

सर म्हणाले, "परीक्षेला विचारत नाहीत."

परीक्षेला जे विचारत नाहीत त्यावर विचार करायची आम्हां कॉमर्सवाल्यांची पद्धत नाही, म्हणून तो प्रश्न तसाच राहिला. पुढे बँकेत लागलो. वीसएक वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात गेली. आणि २०२३ च्या मे महिन्यात, घरापासून हजारो मैलांवर, एका पडक्या चर्चसमोर टोपी सावरत उभा असताना तो रुपया मला एकदम आठवला.

मी आर्मेनियात का गेलो हे आधी सांगितले पाहिजे, कारण आमच्या शाखेत निम्म्या लोकांची अजून समजूत आहे की मी आल्बेनियाला गेलो होतो. माझ्या बहिणीची मुलगी येरेवानला डॉक्टरकी शिकते. हल्ली आपल्याकडची बरीच मुले तिकडे जातात. मुलगी फोनवर "मी मजेत आहे" म्हणते, आणि मुलगी मजेत आहे म्हटल्यावर कुठल्या आईला झोप लागते? "दादा, तू एकदा जाऊन ये. ती जेवते की नाही ते बघ," असे बहिणीने रडवेल्या सुरात सांगितले. आमची रजा-प्रवास सवलत कन्याकुमारी ओळखते, कॉकेशस ओळखत नाही. तेव्हा एल.एफ.सी. रोखीत घेतली, वर थोडी भर घातली, आणि भाजणी, मेतकूट, लिंबाचे लोणचे व डिंकाचे लाडू यांच्यासोबत, उरलेल्या जागेत आमचे कपडे कोंबून, सौ. आणि मी शारजामार्गे येरेवानला उतरलो.

ज्या विमानतळावर उतरलो त्याचे नाव झ्वार्त्नोत्स. हे नाव मी एका दमात म्हणू शकतो, पण त्यासाठी दोन दिवस आणि भाचीचे बरेच हसणे खर्ची पडले आहे. विमानतळाला बहुधा एखाद्या थोर पुरुषाचे नाव असते. हा झ्वार्त्नोत्स कोण, राजा की कवी, असे मी भाचीला विचारले.

"माणूस नाही मामा, चर्च आहे. जवळच आहे. म्हणजे होतं. पडलं ते."

विमानतळाला कोसळलेल्या इमारतीचे नाव! ही माहिती विमान जमिनीला टेकायच्या आधी कोणी सांगत नाही हे फार बरे आहे. नावाचा अर्थ मात्र सुंदर आहे: स्वर्गातले जागे देवदूत. आमच्या शाखेच्या रात्रपाळीच्या वॉचमनला हा अर्थ सांगितला तेव्हा त्याने तो मनाला लावून घेतला.

आर्मेनियाशी माझी ओळख तशी जुनी. नोकरीची पहिली वर्षे मी फोर्टात काढली. तिथे मेडोज स्ट्रीटवर, म्हणजेच नगीनदास मास्टर रस्त्यावर, आर्मेनियन लोकांचे चर्च आहे. मूळ चर्च १७९६ सालचे. हे लोक व्यापारी. इराणमार्गे सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता असे सगळीकडे पसरले. त्यांच्या भाषेतले जगातले पहिले नियतकालिक १७९४ साली निघाले ते चक्क मद्रासला. फोर्टातल्या त्या इमारतीवर 'अरारात' असे नाव आहे. डबा खाऊन पाय मोकळे करायला निघालो की ती पाटी दिसे. अरारात हे कुणा शेटजींचे आडनाव असणार असे आमच्या कॅशियरचे ठाम मत होते, आणि कॅशियरशी वाद घालणे पहिल्या तारखेला महागात पडते.

अरारात हा डोंगर आहे. ५,१३७ मीटर उंच, बाराही महिने माथ्यावर बर्फ. महापुरानंतर नोआची नौका इथे टेकली असे बायबल वाचणारे मानतात. येरेवानमध्ये कुठल्याही गल्लीच्या टोकाला तो अचानक उभा असतो. आणि तो आहे तुर्कस्तानात. मधली सरहद्द १९९३ साली बंद झाली. म्हणजे राष्ट्रचिन्हावर जो डोंगर, तो शेजाऱ्याच्या आवारात! आमच्या वाडीत शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेल्या एका फणसावरून दोन पिढ्या बोलत नाहीत. त्यामानाने हे लोक फार शांतपणे राहतात असे मला वाटले. मग त्यांचा इतिहास थोडा वाचला आणि शांतपणा हा शब्द मागे घेतला.

आम्ही आधी गार्नीला गेलो. गार्नीचे देऊळ पहिल्या शतकातले, तिकडे ख्रिस्ती धर्म यायच्या आधीचे. (हा धर्म त्यांनी परंपरेप्रमाणे ३०१ साली राजधर्म केला. असे करणारे आपण जगात पहिले, हे ते दर पाच मिनिटांनी सांगतात, आणि सांगण्यासारखेच आहे.) चोवीस खांब, वर त्रिकोणी छप्पर, खाली खोल दरी. सौ. खूश झाली. "हे कसं, देऊळ वाटतंय," म्हणाली. फोटो झाले. त्यानंतर दोन दिवसांनी भाची आम्हांला झ्वार्त्नोत्सला घेऊन गेली.

एच्मिआद्झिनला जाणाऱ्या सडकेच्या बाजूला, सपाट माळावर, खांबांचा एक अर्धवट रिंगणभर घोळका उभा आहे. काही खांबांच्या डोक्यावर कमानी आहेत, कमानींच्या डोक्यावर काही नाही. आजूबाजूला शेकडो दगड ओळीने मांडून ठेवले आहेत, एखाद्या लग्नात केळवण्याच्या पंगतीला पाट मांडावेत तसे, पण जेवायला कोणी आलेले नाही. मागे अरारात.

सौ.ने सगळीकडे एकवार पाहिले आणि म्हणाली, "अहो, पडकंच बघायचं होतं तर आपलं अर्नाळ्याला जाऊन आलो असतो की संध्याकाळच्या आत."

पहिल्या दर्शनी मलाही असेच वाटले होते. पण तिकीट काढले होते. तिकीट काढलेली वस्तू मध्यमवर्गीय माणूस शेवटपर्यंत पाहतो. मी प्रत्येक दगडासमोर उभा राहू लागलो, आणि हळूहळू मला त्या जागेची गोडी लागली.

हे चर्च बांधले नेर्सेस तिसरा नावाच्या धर्मप्रमुखाने. ६४१ ते ६६१ ही त्याची कारकीर्द. लोक त्याला 'बांधणारा नेर्सेस' म्हणत. काळ मोठा वाईट होता. एका बाजूला बायझंटाइन सम्राट, दुसऱ्या बाजूला नव्याने आलेल्या अरब फौजा, आणि मध्ये हा देश, दोन्ही जातींच्या पिठात सापडलेला. अशा वेळी शहाणा माणूस सोने पुरून ठेवतो. याने चर्च काढले, आणि तेही असले की बाहेरच्या भिंतीला बत्तीस बाजू. मध्यंतरी राजकारण उलटले. सम्राटाच्या बाजूचा म्हणून त्याला परांगदा व्हावे लागले. काही वर्षांनी परत आला आणि उरलेले काम पुरे केले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, बांधकाम अर्धवट टाकून कर्जदार फरारी झाला आणि सहा वर्षांनी परत येऊन त्याने इमारत पुरी करून दिली. असे माझ्या उभ्या नोकरीत घडलेले नाही.

त्याची आद्याक्षरे खांबांच्या माथ्यावर ग्रीक लिपीत कोरलेली आहेत, एकमेकांत अशी गुंतवलेली की सही आहे हे कळते, कोणाची ते कळत नाही. आमच्या साहेबांची अशीच आहे. काही खांबांवर पंख पसरलेले गरुड आहेत. बाहेरच्या कमानींवर द्राक्षांचे वेल, डाळिंबे, आणि हातात अवजारे धरलेली माणसे. ही बांधकामावरची माणसे असावीत असे म्हणतात. मला हे फार आवडले. ज्याने बांधून घेतले तो आद्याक्षरांपुरता, आणि फावडेवाला हातापायांसकट अख्खा. आपल्याकडे संगमरवरी पाटीवर नेमके उलटे असते.

एवढे करून ते चर्च तीनशे वर्षेही टिकले नाही. दहाव्या शतकात कोसळले. भूकंपाने असावे असा तर्क आहे. इ.स. १००० च्या सुमारास आनी या राजधानीत गागिक राजाने याच नमुन्याचे दुसरे चर्च बांधायला घेतले. मूळ चर्च तेव्हा पडून गेले होते, असे त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. राजाने नक्कल इतकी इमानदारीने केली की तीसुद्धा पडली. मग सगळ्यांवर माती चढली.

आता इथून पुढची हकीकत मला, एक कारकून या नात्याने, रामायण-महाभारताइतकी रोमांचक वाटते.

१९०० ते १९०७ या काळात झ्वार्त्नोत्सच्या टेकाडाचे उत्खनन झाले. सापडले काय? पाया, खांबांचे तुकडे, कमानींचे तुकडे. तोरोस तोरामानियान नावाचा एक वास्तुतज्ज्ञ तिथे होता. त्याने हे सगळे तुकडे मोजले, जुळवले, आणि कागदावर एक इमारत उभी केली: एकावर एक तीन गोल, खालचा सर्वांत मोठा, वरचा सर्वांत लहान, आपल्याकडच्या मडक्यांच्या उतरंडीसारखे, आणि उंची सुमारे पंचेचाळीस मीटर. चौदा-पंधरा मजले म्हणा ना! सातव्या शतकात, या माळावर, उतरंड! पुष्कळांनी शंका घेतली, आणि माझ्यातल्या कारकुनाला विचाराल तर योग्यच घेतली. पाया दिसतो आहे, मान्य. पण वरच्या दोन मजल्यांना आधार काय? आमच्या धंद्यात याला व्हाउचरशिवाय केलेली एंट्री म्हणतात. एंट्री करणारा माणूस कितीही हुशार असो, व्हाउचर नाही म्हणजे नाही.

आणि मग व्हाउचर सापडले. १९०६ च्या सुमारास तिकडे आनीला निकोलाय मार नावाचे विद्वान गागिक राजाचे ते पडके चर्च खणून काढत होते. त्यात खुद्द राजाचा पुतळा निघाला. राजाच्या हातात त्या चर्चची दगडी प्रतिकृती. आणि ती होती तीन मजली, गोल, उतरंडीसारखी!

मी ही हकीकत आमच्या ऑडिटरला सांगितली तेव्हा त्या कोरड्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आले. नऊशे वर्षांनंतर रिकन्सिलिएशन टॅली झाले होते हो!

पण थांबा. पुढे पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत राजाचा तो पुतळा गहाळ झाला. म्हणजे हिशेब असा: मूळ इमारत पडली. तिची नक्कल पडली. नकलेचा दाखला हरवला. उरले दाखल्याचे फोटो आणि तोरामानियानची रेखाटने. तिसरा मजला नेमका असाच होता का, यावर शंका घेणारे विद्वान आजही आहेतच. आवारातल्या छोट्या संग्रहालयात त्या उतरंडीची प्रतिकृती मांडून ठेवली आहे. ती पाहायची, बाहेर येऊन आकाशाकडे पाहायचे, आणि पंचेचाळीस मीटर आपले आपण चढवायचे.

भाची आमची या पिढीची. तिला मधले काही पटत नाही. "मामा, नकाशा आहे, दगड आहेत, कॉम्प्युटरवर सगळं काढता येतं. मग बांधून का टाकत नाहीत परत?"

मी दगडावर बसलो. (ऐतिहासिक दगडावर नव्हे, बाकावर.) कारण प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. जे पडले त्याच्याशी खरेपणाने वागायचे म्हणजे काय करायचे? पुन्हा उभे करायचे, की पडलेले ते पडलेले म्हणून पडूच द्यायचे? पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात सचोटी आहे, आणि दोन्ही एका वेळी जमेलच असे नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. त्याचे नाव जीर्णोद्धार. माझ्या गावी काळ्या दगडाचे एक शिवाचे देऊळ होते. होते म्हणजे अजून आहे, पण काळा दगड दिसत नाही. आधी चुना झाला, मग ऑइलपेंट झाला, मग खांबांना बाथरूमच्या टाइल्स झाल्या. प्रत्येक टाइलवर कोणाच्या तरी स्मरणार्थ कोणीतरी. नंदीला चंदेरी रंग. भाविकांची भक्ती खरी आहे यात शंका नाही. ते रोज दिवा लावतात, मी दोन वर्षांतून एकदा जाऊन नाक मुरडतो. दिवा लावणाऱ्याला टाइलही लावायचा हक्क आहे असे कोणी म्हटले तर माझ्याजवळ चटकन उत्तर नाही. पण तिथे गेलो की मला माझे लहानपणचे देऊळ आठवेनासे होते. समोरचे देऊळ आठवणीतल्या देवळाच्या अंगावर बसते. पडले असते तर आठवले असते.

हे नुसते माझे रडगाणे नाही. १९६४ साली व्हेनिसला निरनिराळ्या देशांतली या विषयातली जाणती माणसे जमली आणि त्यांनी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची एक सनद केली. तिच्यात दोन गोष्टी आहेत ज्या मी आमच्या बँकेच्या नियमपुस्तकात सुखाने छापीन. एक, जिथून अंदाज सुरू होतो तिथे डागडुजी थांबवायची. दोन, नवे घातलेले जुन्याला शोभून दिसावे, पण नवे म्हणून ओळखू यावे.

आता गार्नी आठवा. ते देऊळ १६७९ च्या भूकंपात पडले. सुमारे तीन शतके पडूनच होते. पण त्याचे दगड पुष्कळसे जागच्या जागी राहिले होते. १९६९ ते १९७५ या काळात ते दगड जुळवून देऊळ पुन्हा उभे केले. जिथे दगड हरवला होता तिथे नवा घातला, पण त्यावर नक्षी कोरली नाही. सपाट ठेवला. सौ.ला मी ते सपाट दगड दाखवले होते तेव्हा ती म्हणाली होती, "पैसे संपले वाटतं." पैसे संपले नव्हते. माहिती संपली होती. म्हणून रकाना कोरा ठेवला. फॉर्म भरताना जी माहिती नाही तो रकाना कोरा ठेवावा हे मी रोज तीस माणसांना सांगतो, आणि रोज तीसही माणसे त्यात काहीतरी लिहितातच.

झ्वार्त्नोत्सला कोरे रकाने फार. गार्नीत सपाट दगड अधूनमधून आहेत, इथे वरचे दोन मजलेच्या दोन मजले कोरे ठेवावे लागतील. तेव्हा जिथवर खात्री तिथवर खांब उभे केले आणि थांबले. मला हे थांबणे फार थोर वाटले, आणि तसे मी बोलून दाखवले.

सौ. म्हणाली, "तुमचं हे नेहमीचंच. न केलेल्या कामाचं कौतुक. अहो, पण हे खांब तरी आपले आपण उठून उभे राहिले का? कोणीतरी उचलले ना? मग पडकं पडकं काय म्हणता? हेही बांधलेलंच आहे."

तिचे म्हणणे सोळा आणे खरे होते. आपण ज्याला भग्नावशेष म्हणतो तेही कोणीतरी मांडून ठेवलेले असते. मातीतून काढलेले, पुसलेले, उभे केलेले. मग प्रश्न बांधायचे की नाही हा राहत नाहीच. हात कुठे थांबवायचा, एवढाच राहतो. आणि तो कुठल्याही सनदेने पुरता सुटत नाही.

त्या बाकावर मला आमच्या शाखेतले एक पेन्शनर आजोबा आठवले. त्यांचे आणि आजींचे बचत खाते जोडनावाने होते. दोघांपैकी कोणीही व्यवहार करावा, असे. आजी २०१५ साली गेल्या. आजोबांनी ते लपवले नाही. तेराव्यानंतर काउंटरवर येऊन स्वतःच सांगितले, "ही गेली." मी त्यांना फॉर्म दिला. मृत्यूचा दाखला जोडायचा, सही करायची, की एक नाव कमी होते. आजोबांनी फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. पुढच्या महिन्यात म्हणाले, चष्मा विसरलो. त्याच्या पुढच्या महिन्यात दाखला सापडत नव्हता. अशी चार वर्षे गेली. दर महिन्याला पासबुक भरून न्यायचे, आणि पासबुकावर दोन नावे.

पैसे त्यांचे, पेन्शन त्यांची. कोणाचा एक पैशाचा तोटा नव्हता. पण ऑडिटरने शेरा मारला, आणि तो मारायलाच हवा होता. बँकेच्या वहीने खोटे बोलून चालत नाही. प्रत्येकाने आपापली माणसे अशी ठेवून घेतली तर आमच्या बँकेत सर्वपित्री अमावस्या बारा महिने चालेल. मी आजोबांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि नियम सांगितला. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. पण एकट्याच्या नावाचं खातं मी कधी वापरलेलं नाही." एवढे म्हणून त्यांनी सही केली.

नवे पासबुक छापले, एका नावाचे. जुन्यावर 'रद्द' असा शिक्का मारायचा असतो. हा शिक्का चांगला तळहाताएवढा आहे, आणि तो पहिल्या पानावर, बरोबर नावांवर दाणकन मारायची आमच्याकडे रीत आहे. कोणी ठरवलेली नाही, पडलेली आहे. नियमात फक्त शिक्का मारावा असे आहे. मी जुने पासबुक उलटसुलट पाहिले. नावांच्या खाली, शाखेच्या पत्त्यापाशी, रिकामी जागा होती. तिथे शिक्का मारला. खाते रद्द झाल्याचे कोणालाही लांबून दिसत होते, आणि दोन्ही नावे वाचता येत होती.

आजोबांनी ते चष्मा लावून पाहिले. "हे जुनं माझ्याकडेच राहणार ना?"

"तुमचंच आहे," मी म्हणालो.

हे सगळे मी सौ.ला तिथे बाकावर सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, ही गोष्ट नोंद करून ठेवण्यासारखी आहे. मग उठली आणि त्या ओळीने मांडलेल्या दगडांतून एकटीच हिंडून आली. भाचीने लाडवाचा डबा काढला. डिंकाचा लाडू झ्वार्त्नोत्सच्या उन्हात फार चांगला लागतो. आणि भाची जेवते की नाही याविषयीचा माझा अहवाल तिथेच तयार झाला: सात लाडू.

परतायच्या आदल्या दिवशी, रविवारी, येरेवानच्या व्हर्निसाज नावाच्या उघड्या बाजारात गेलो. गालिचे, दागिने, जुने कॅमेरे, रशियन अमदानीतली पदके, काय वाटेल ते मांडलेले असते. एका म्हाताऱ्याकडे जुन्या नोटा होत्या. नोटा दिसल्यावर माझे पाय आपोआप थांबतात. १९९३ साली आर्मेनियाने स्वतःचे द्राम हे चलन काढले, तेव्हाची शंभर द्रामची नोट त्याच्यापाशी होती. नोटेवर अरारात आणि झ्वार्त्नोत्स. पुढे २००३ साली शंभर द्रामचे नाणे आले आणि ही नोट मागे पडली.

"किती?" मी बोटांनी विचारले. त्याने पाचशे सांगितले.

चलनातून गेलेल्या शंभराच्या नोटेला पाचशे! २०१६ च्या नोव्हेंबरात आम्ही बाद नोटा रात्र रात्र जागून मोजल्या. तेव्हा एकाही माणसाने पाचशेच्या नोटेचे पाचशेच्या वर मागितले नव्हते. माझ्या अंगातला बी.कॉम. चवताळला. मी पुढे चालू लागलो. पण सौ. तिथेच उभी. तिने त्या म्हाताऱ्याशी अस्खलित मराठीत घासाघीस केली, त्याने अस्खलित आर्मेनियनमध्ये उत्तरे दिली, आणि सौदा चारशेवर तुटला.

ती नोट मी माझ्या काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी पाहिली.

"हे काय? परकीय चलन काउंटरवर ठेवता येत नाही."

"साहेब, हे चलन नाही. केव्हाच गेलं चलनातून."

"मग ठेवलंय कशाला?"

"मिसेसना विचारावं लागेल," मी म्हणालो. "तिने चारशे मोजलेत."